ट्रॅक्टर घेण्याआधी फिल्टर घ्या



आमच्या भिलाईत प्लँटमधून निवृत्त झालेल्या माणसाला दोनच स्वप्नं पडतात. एक, मुलांजवळ पुण्याला राहायला जायचं. दुसरं, पाटण नाहीतर धमधा रोडला तीन-चार एकर शेत घ्यायचं आणि घरचं धान, घरची भाजी खायची. आमच्या सेक्टरमधल्या एका काकांना दुसरं स्वप्न पडलं. शेत झालं, बोअर झाली, तारेचं कुंपण झालं. मग ट्रॅक्टर हवा झाला.

चार एकरांत मोठा ट्रॅक्टर घेऊन करायचं काय? तेवढ्यात नाशिकच्या भाच्याने मोबाइलवर फोटो पाठवला. जपानी बनावटीचा छोटा ट्रॅक्टर, वीसेक अश्वशक्तीचा, चारही चाकांना जोर असलेला, द्राक्षबागेत फवारणीला वापरलेला. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. काकांनी ग्रॅच्युइटीतून पैसे काढले आणि मे महिन्यात ट्रकवर बसून ट्रॅक्टर आला. काकूंनी नारळ फोडला, आम्ही सगळ्यांनी फोटो काढले.

आषाढात चिखलणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी पुढच्या धुऱ्यातून करकर आवाज यायला लागला. प्लग खोलून पाहिलं तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे सील गेलं होतं आणि शेतातलं पाणी आत शिरलं होतं. दुर्गहून मेकॅनिक आला. मोठे ट्रॅक्टर खोलण्यात त्याची हयात गेली, पण हे यंत्र तो पहिल्यांदाच बघत होता. "याचा माल इथे मिळत नाही," एवढं सांगून तो निघून गेला. इकडे पऱ्हे रोवणीला आलेले आणि मजूर सांगून ठेवलेले. शेवटी शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर तासावर भाड्याने आणून चिखलणी उरकावी लागली. काकू रोज विचारायच्या, "हे लोखंड हलणार कधी?"

आता तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टरच खराब निघाला. तसं नव्हतं. इंजिन आजही पहिल्या फटक्यात चालू होतं. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात असे अरुंद, बुटके ट्रॅक्टर गावोगाव आहेत, म्हणून तिथे त्यांचे पार्ट ठेवणारे दुकानदार आहेत आणि डोळे मिटून ते खोलणारे मेकॅनिक आहेत. आमच्याकडे धानाची शेती आणि ट्रॉलीची वाहतूक, म्हणून दबदबा मोठ्या ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर भिलाईला आला, पण त्याच्या मागची दुकानं नाशिकलाच राहिली.

परकं यंत्र आपल्याला नवं नाही

भिलाईकरांना हे खरं तर कुणी शिकवायला नको. आमचं गावच परक्या यंत्रावर उभं आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या भट्टीचं उद्घाटन झालं. पण नुसती भट्टी आली नव्हती. तिच्याबरोबर नकाशे आले, तज्ज्ञ आले, आपले इंजिनिअर तिकडे जाऊन शिकून आले. परकं यंत्र घरचं झालं ते या सगळ्यामुळे.

ट्रॅक्टरचंही तसंच. राजस्थानात सुरतगडला १९५६ मध्ये सोव्हिएत यंत्रांवर मोठं सरकारी शेत सुरू झालं. साठच्या दशकात सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड इथून ट्रॅक्टर येत होते, आणि सुट्या भागांची टंचाई ही त्या काळातली नेहमीची तक्रार होती. मग १९७१ च्या सुमारास एचएमटीने पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. २०१६ मध्ये सरकारने हा विभाग बंद करायचं ठरवलं. पण देशात एचएमटी इतके विकले गेले होते की पार्टचा बाजार कंपनीपेक्षा जास्त टिकला. म्हणजे तुमच्या जिल्ह्यात ती मशीन किती आहेत, यावर पार्ट मिळणं अवलंबून असतं. कंपनीचं मोठं नाव त्यानंतर येतं.

आपल्या देशात जुनी वाहनं परदेशातून आणण्यावर कडक अटी आहेत. त्यामुळे आपल्याकडे "इम्पोर्टेड छोटा ट्रॅक्टर" म्हणून जो दाखवला जातो, तो बहुतेक वेळा इथल्याच कंपनीने विकलेला जपानी बनावटीचा असतो. बंगळुरूच्या व्हीएसटीने १९६७ पासून मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर आणि पुढे छोटे ट्रॅक्टर केले, म्हणून लोक अजून "मित्सुबिशी शक्ती" म्हणतात. कुबोटाची भारतीय कंपनी २००८ ची, आणि २०२२ पासून एस्कॉर्ट्सचं नावच एस्कॉर्ट्स कुबोटा झालं. अशा मशीनला निदान विचारायला दार आहे. जिथून कुणी भलत्याच वाटेने आणलेली, फक्त जपानी अक्षरांची मशीन दाखवतं, तिथे दार शोधण्यातच वर्ष जातं.

हा गोंधळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत जपानमधले जुने कुबोटा ट्रॅक्टर व्यापारी परस्पर आणून विकत होते. प्रकरण कोर्टात गेलं. ते जपानच्या बाजारासाठी बनवलेले, सूचनांचे स्टिकर जपानीत, आणि तिथल्या अधिकृत विक्रेत्यांकडे त्या मॉडेलचे पार्ट नाहीत. नाव तेच, रंग तोच, तरी माल वेगळा, असं १९९९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने मान्य केलं.

पार्ट तीन तऱ्हेचे असतात

"पार्ट मिळत नाही" हे वाक्य ऐकलं की घाबरू नका. आधी विचारा, कोणता पार्ट?

पहिली तऱ्हा नंबरावर मिळणाऱ्यांची. बेअरिंगवर ६२०५ लिहिलं असेल तर आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. जपानमध्येही हेच आणि सुपेल्याच्या दुकानातही हेच. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेल्टवर नंबर असतो. हे पार्ट कंपनीच्या नावाने मागाल तर "नाही" ऐकाल, मापाने मागाल तर बऱ्याचदा हातात पडतील.

दुसरी तऱ्हा लेथवर होणाऱ्यांची. पिन, बुश, ब्रॅकेट, झिजलेला आटा. यात भिलाईचा हात कोण धरणार? आमच्या लाइट इंडस्ट्रियल एरियात नमुना दाखवला की बुश तयार.

तिसरी तऱ्हा फक्त त्याच मशीनच्या पार्टची. क्लच प्लेट, गिअर, हेड गॅस्केट, डिझेल पंपाचे आतले भाग, हायड्रॉलिक पंप, पुढच्या धुऱ्याचे दात. यांना जुगाड चालत नाही. लेथवर गिअर कापून मिळेल, पण पोलाद आणि त्याचं पाणी बरोबर नसेल तर दात महिनाभरात झडतात. तुमचा सौदा या तिसऱ्या तऱ्हेवर तोलायचा.

फिल्टरची परीक्षा

आता मुख्य गोष्ट. जुना छोटा ट्रॅक्टर आवडला, तरी बयाणा देण्याआधी आठ दिवस थांबा आणि हे करा.

१. मॉडेल, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर यांचे स्पष्ट फोटो घ्या.

२. त्या नंबरांवर ऑइल फिल्टर मागवा. नुसता भाव विचारू नका, पैसे देऊन विकत घ्या. दुकानदार भाव सगळ्याचाच सांगतो. पार्ट किती दिवसांत हातात येतो, ते विकत घेतल्यावरच कळतं.

३. क्लच प्लेट, हेड गॅस्केट आणि पुढच्या धुऱ्याचा सील किट यांची किंमत आणि दिवस विचारून वहीत लिहा. दोन ठिकाणी विचारा: एक जवळचं, एक जिथून मशीन येतंय तिथलं.

४. तुमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत हे मशीन आधी खोललेला एक मेकॅनिक शोधा. "बघू, खोलून टाकू" म्हणणारा मोजू नका.

५. तसाच ट्रॅक्टर वापरणारा एक शेतकरी गाठा. मागच्या दोन वर्षांत काय बिघडलं आणि किती दिवस उभा राहिला, एवढंच विचारा.

आठ दिवसांत फिल्टरच आला नाही, तर रोवणीच्या आठवड्यात क्लच प्लेट कुठून येणार? सौदा सोडलात तर नुकसान एका फिल्टरचं. यापेक्षा स्वस्त सल्लागार मिळणार नाही.

बघायला जाल तेव्हा

इंजिन थंड असताना पोहोचा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा घ्या, गप्पा मारा आणि थंड झाल्यावर चालू करायला सांगा. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा धुरा, तिन्हींचं तेल बघा. पांढुरकं असेल तर पाणी गेलंय. तासांच्या मीटरपेक्षा पेडलच्या रबरावर विश्वास ठेवा. मीटर बंद ठेवता येतो, रबर खोटं बोलत नाही. लिफ्टवर अवजार उचलून इंजिन बंद करा. ते भराभर खाली बसलं तर हायड्रॉलिकमध्ये गळती आहे.

चारही चाकांच्या जोराच्या ट्रॅक्टरला पुढच्या-मागच्या टायरचं माप ठरलेल्या प्रमाणात लागतं. कुणी मिळेल तो टायर घातला असेल तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात, आणि ते भांडण गिअरबॉक्स सोसतो.

आणि धानवाल्यांनो, एवढं लक्षात ठेवा. बागेत कोरड्यात वापरलेलं मशीन कन्हारच्या चिखलात घालणार असाल तर पहिल्या पावसाआधी धुऱ्याचे सील बदलूनच घ्या. काकांचं नेमकं हेच राहिलं होतं.

कागद आणि नव्याचा भाव

आरसी बुकावरचा चेसिस नंबर लोखंडावरच्या नंबराशी स्वतः पडताळा. एम-परिवहन अ‍ॅपवर नोंद दिसते. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, महाराष्ट्रातून छत्तीसगडला आणायचा तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि कर्ज फिटलेलं असेल तर ते उतरवायला फॉर्म ३५. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवणार असाल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. "कागद नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याला "पैसेही नंतर पाठवतो" म्हणा.

जुन्याचा हिशेब करताना नव्याचा आजचा भाव जरूर विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, सुट्या भागांवरचाही उतरला. आता आपल्याकडच्या कंपन्यांचेही पंधरा ते तीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आहेत. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, त्यांचे अहवाल वाचायला मिळतात. जुन्या-नव्यातलं अंतर कमी असेल आणि नव्याचा डीलर दुर्गातच असेल, तर हट्ट सोडलेला बरा.

काकांचं पुढे काय झालं?

सहाव्या दिवशी काकांनी गेलेलं सील पुसून उजेडात धरलं. त्यावर तीन आकडे होते. ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं मशीन शॉपमध्ये व्हर्नियर धरलं, तो पाच दिवस दुकानोदुकानी कंपनीचं नाव घेऊन फिरत होता! आकडे सांगितल्यावर सील पॉवर हाऊसच्या बेअरिंगवाल्याकडे त्याच संध्याकाळी मिळालं. पण पाण्याने दात खाल्लेला गिअर मात्र नाशिकहूनच यावा लागला. त्याला आणखी बारा दिवस गेले. रोवणी केव्हाच संपली होती.

आता काकांच्या पोर्चमध्ये एक लाकडी फळी आहे. तिच्यावर दोन फिल्टर, एक बेल्ट, सीलचा संच, एक क्लच प्लेट आणि मापं लिहिलेली वही. यंदा शेजारच्या गावचे दोघे जण तसलाच ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून बघायला आले होते. काकांनी त्यांना आधी फळी दाखवली, मग ट्रॅक्टर. काकू आतून म्हणाल्या, "फळीचे पैसेही किमतीत धरा हो!"

तुम्हीही धरा. भेटू पुढच्या वेळी.