जीएसटीचा आदेश सुनावणीविनाच आला, तर?

समजा, हिंगणघाटच्या एका हार्डवेअर दुकानदाराने ज्याच्याकडून माल घेतला, त्या पुरवठादाराने कर भरलाच नाही. मग दुकानदाराने घेतलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटवर बोट ठेवून 'कारणे दाखवा' नोटीस येते. सीए पोर्टलवर उत्तर टाकतो आणि पुढे थेट वसुलीचा आदेश निघतो. अधिकाऱ्यासमोर बसून बाजू मांडण्याची वेळच आली नाही. हे चालते का?

नाही. केंद्राच्या आणि राज्याच्या, दोन्ही जीएसटी कायद्यांतले कलम ७५(४) सांगते की, करदात्याने लेखी मागणी केली किंवा निर्णय त्याच्या विरोधात जाणार असेल, तर सुनावणीची संधी द्यावीच लागते. यातला 'किंवा' मोलाचा. उत्तराच्या डीआरसी-०६ फॉर्ममध्ये सुनावणीच्या रकान्यात अनेकजण घाईत 'नाही' निवडतात. तरीही हा हक्क जात नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भारत मिंट प्रकरणात स्पष्ट केले. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण कलम तेच आहे. आपण 'होय' निवडावे हे बरे.

सुनावणी म्हणजे नुसती तारीखही नव्हे. केरळमधल्या एका विक्रीकर प्रकरणात घाऊक व्यापाऱ्यांच्या वह्यांवरून किराणा दुकानदाराचे हिशेब खोटे ठरवले गेले. त्या व्यापाऱ्यांची उलटतपासणी करू देणे आवश्यक होते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. म्हणजे दुसऱ्याच्या कागदांवर मागणी उभी असेल, तर ते कागद मागा. तेही लेखी.

'अपिलात बघू' हा विचार महागात पडतो. अपिलाला ३ महिने, सबळ कारण असल्यास आणखी १ महिना मिळतो आणि वादातल्या कराची १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. अपिलात नवे पुरावे सहजी घेतले जात नाहीत (नियम ११२). शिवाय अपील अधिकारी प्रकरण फेरसुनावणीसाठी खाली पाठवू शकत नाही.

सुनावणीच नाकारली असेल, तर वर्धेच्या व्यापाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार मोकळे आहे. अपिलाची सोय असली तरी नैसर्गिक न्याय डावलल्यास रिट याचिका ऐकता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या व्हर्लपूल प्रकरणात सांगितले आहे. मात्र पोर्टलवर टाकलेली नोटीसही कलम १६९ नुसार बजावलेली धरली जाते. त्यामुळे 'पाहिलीच नाही' एवढ्यावर विसंबू नका. पोर्टल स्वतः उघडून पाहा, सगळे सीएवर सोडू नका.