तपासण्या मोजल्या, बायका राहिल्या

परवा आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या फेरीबोटीची वाट बघत बसले होते. शेजारी ओळखीच्या घरातली एक लेक येऊन बसली. सासर मुंबईला, माहेर दिघीकडे. सातवा महिना लागलेला, बाळंतपणाला निघाली होती. बोलता बोलता म्हणाली, "काकू, तिकडे गेल्यावर परत रक्त काढतील का हो? फाईल मुंबईलाच राहिली."

"एचआयव्हीची तपासणी झाली का गं तुझी?" मी विचारलं.

"काय माहीत! दोन नळ्या रक्त घेतलं, एका कागदावर सही घेतली. सगळं चांगलं आहे म्हणाले."

मैत्रिणींनो, तिची तपासणी बहुधा झालीही असेल. आता माहेरी पुन्हा होईल. म्हणजे बाई एक आणि नोंदी दोन! वर्षाअखेरीला या नोंदींची बेरीज होते आणि टक्केवारी निघते. ती टक्केवारी किती खरी?

साधा हिशेब मांडू. समजा, एका भागात १०० गरोदर बायका आहेत आणि वह्यांत १०० तपासण्या लिहिल्यात. काम शंभर टक्के झालं असं वाटेल. पण त्यातल्या २० जणींची तपासणी सासरी आणि माहेरी अशी दोनदा झाली असेल, तर तपासलेल्या बायका ८०च. उरलेल्या २० जणी कुणाच्या खिजगणतीतही नाहीत! आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. खाडी ओलांडली की मुरूड तालुका संपून श्रीवर्धन लागतो. बाई बोटीत बसून पलीकडे जाते, तिची नोंद मात्र अलीकडच्या वहीतच राहते.

त्या २० जणींचं मोल काय, तेही सांगते. आईला लागण असेल आणि उपचार मिळाले नाहीत, तर बाळाला ती होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ असते. वेळेवर औषधं सुरू केली तर ती ५ च्याही खाली येते. ही औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून तर लागण कळली की लगेच उपचार सुरू करायचे, असं धोरण आहे. औषध आहे, पैसे लागत नाहीत, तरी केवळ तपासणी राहून गेली म्हणून बाळाला आजार व्हावा, हे कुठल्या आईला सोसेल?

यावर कॉम्प्युटरचा उपाय आता आलेला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, 'सोच' या प्रणालीत माणसाची नोंद एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात त्याच्यासोबत जावी अशी सोय केली आहे. २०२१ पासून आरोग्य नोंदींसाठी १४ आकडी 'आभा' क्रमांकही देशभर मिळू लागला. अमेरिकेत २००६ मध्ये १३ ते ६४ वयाच्या सर्वांची नेहमीच्या तपासणीतच एचआयव्ही चाचणी करावी अशी शिफारस झाली. तिथे दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधूनच किती जण येऊन गेले आणि त्यातल्या कितींची चाचणी झाली, हे पडताळता येतं.

पण बाई, कॉम्प्युटरही आपण भरू तेवढंच सांगणार! 'तपासणी नाही' एवढंच लिहिलं, तर तिने नको म्हटलं, किट संपलं होतं की कुणी विचारलंच नाही, हे कसं कळायचं? आणि 'तपासणी झाली' एवढ्यावर काम संपतं का? निकाल तिला सांगितला का, लागण निघाली तर ती उपचाराला पोचली का, हेही मोजायला हवं. शिवाय नवऱ्याची तपासणी किती घरांत होते? रक्त बायकोचं काढतात, म्हणून लागण आधी तिचीच कळते आणि बोलही तिलाच लागतो.

दुसरी भीती खरी आहे. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तो पडदा कोण कोण बघणार? इथे कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार नीट समजावून, संमती घेऊनच तपासणी करायची आणि माहिती गुप्त ठेवायची, अगदी कॉम्प्युटरमधलीसुद्धा. टक्केवारी काढायला कुणाचं नाव जाहीर करावं लागत नाही. नाव झाकलेलं राहिलं तरच बाई मोकळेपणाने पुढे येईल आणि तेव्हाच आकडाही खरा निघेल.

म्हणून सही करण्यापूर्वी विचारा : ही तपासणी कसली? निकाल मला कधी आणि कोण सांगणार? माझा कागद कोण बघणार? यांची तपासणी कधी करायची? विचारायला संकोच वाटला तर १०९७ हा मोफत फोन आहे.

बोट लागली. त्या पोरीने चढता चढता नवऱ्याला फोन लावला, "अहो, येताना माझी फाईल आणा. आणि हो, तुम्हालाही रक्त द्यायचंय!"

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण ती हसत होती.