आवाज कोणाचा, चेहरा कोणाचा

थायलंडमधल्या एका स्टुडिओत काही अनोळखी माणसे ओळीने उभी असतात. समोर परीक्षकांचे मंडळ आणि त्यांच्या मदतीने अंदाज बांधणारा, पाहुणा म्हणून आलेला नामवंत गायक. यांपैकी कोणाला गाता येते आणि कोणाला सुरांचा गंधही नाही, हे त्याने त्यांचे गाणे न ऐकताच ओळखायचे. हाताशी काय असते? चेहरा, पोशाख, उभे राहण्याची ढब, दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर हलवलेले ओठ आणि थोडेफार पुरावे. पाहुण्याने एखाद्याला बाद केले की तो माइकसमोर जातो आणि त्याचा खरा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतो. सर्वांत शेवटी जो उरेल त्याच्यासोबत पाहुण्याला युगुलगीत गावे लागते, मग तो कसाही गाणारा निघो.

'आय कॅन सी युअर व्हॉइस' हा खेळ मूळचा दक्षिण कोरियाचा. एमनेट वाहिनीवर तो फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाला. जानेवारी 2016 मध्ये वर्कपॉइंट या थाई कंपनीने तो आपल्या वाहिनीवर आणला आणि वर्षानुवर्षे चालवला. अमेरिकी आणि ब्रिटिश प्रेक्षकांपर्यंत तो बराच नंतर पोचला. थायलंडमधल्या कार्यक्रमाची नोंद बहुधा परदेशी मालाची एक आवृत्ती एवढीच होते. ही नोंद मला अन्यायाची वाटते. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, ही फारकत थाई रंगमंचावर आणि पडद्यावर फार जुनी आहे. दर नव्या माध्यमाने तिथे या दोघांचा हिशेब नव्याने मांडला. तो हिशेब माहीत असला की या खेळाकडे निव्वळ हशा-टाळ्यांचा कार्यक्रम म्हणून पाहता येत नाही.

सुरुवात 'खोन'पासून करावी लागते. रामकियेन या थाई रामायणातले प्रसंग दाखवणारे हे मुखवट्यांचे नृत्यनाट्य. 2018 मध्ये युनेस्कोने ते मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात रावण, हनुमान, वानर आणि राक्षस पूर्ण डोके झाकणारे मुखवटे घालून नाचतात. राम आणि लक्ष्मण आता बहुतेक वेळा फक्त मुकुट घालून उभे राहतात, पण बोलत तेही नाहीत. विदूषक सोडले तर पात्रांच्या तोंडचे शब्द बाजूला बसलेले निवेदक उच्चारतात आणि गाणी गायकवृंद गातो. नट देहाने अभिनय करतो, वाचा दुसऱ्याची असते. प्रेक्षकाला यात काही चुकल्यासारखे वाटत नाही. दोघांचीही साधना त्याला ठाऊक असते आणि दोघांनाही तो दाद देतो.

सिनेमाने हीच रीत उचलली, मात्र कारण वेगळे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर 35 मिमी फिल्म महाग आणि दुर्मीळ झाली, म्हणून थाई निर्माते स्वस्त 16 मिमी फिल्मकडे वळले. चित्रीकरण मूक होई. आवाज द्यायचा तो चित्रपटगृहात, प्रत्यक्ष खेळाच्या वेळी. एक-दोन निवेदक माइकपाशी बसून नायक, नायिका, खलनायक, म्हातारी, कुत्रा असे सगळे आवाज काढत. ही पद्धत 1970 च्या सुमारापर्यंत टिकली. मित चायबन्चा आणि पेत्चरा चाओवरात ही त्या काळची सर्वांत लाडकी जोडी. त्यांचे किती तरी चित्रपट लोकांनी या उसन्या आवाजात पाहिले. प्रांतोप्रांतीचे निवेदक स्थानिक बोली आणि स्थानिक विनोद संवादांत मिसळत. काही ठिकाणी तर चित्रपटाच्या जाहिरातीत निवेदकाचे नाव ठळक छापत, कारण लोक त्याच्यासाठी येत. 8 ऑक्टोबर 1970 रोजी मित चायबन्चा हेलिकॉप्टरला लटकणाऱ्या दोरीच्या शिडीवरून पडून चित्रीकरणातच मरण पावला. त्या सुमारास 16 मिमीचे युगही सरत आले होते.

मराठी वाचकाला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. 1949 च्या 'महल'मध्ये लता मंगेशकरांनी गायलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून पडद्यावरच्या पात्राचे, 'कामिनी'चे नाव छापले होते. गाणाऱ्याला स्वतःचे नाव मिळायला आपल्याकडेही झगडावे लागले.

थायलंडमध्ये हा झगडा गावाकडच्या गाण्याने केला. भातशेती, ऊसतोड, शहरात कामाला गेलेला मुलगा, मागे राहिलेली प्रेयसी अशा विषयांवरची गाणी रेडिओवर आणि जत्रांतून लोकप्रिय होती, पण प्रतिष्ठित बँकॉक त्यांना बाजारी म्हणे. देशाची पहिली दूरचित्रवाणी वाहिनी, चॅनेल 4, 24 जून 1955 रोजी बांग खुन फ्रोम राजवाड्यातून सुरू झाली होती. 1932 च्या राज्यक्रांतीच्या वर्धापनदिनाचा हा मुहूर्त मुद्दाम साधलेला होता. याच वाहिनीचे प्रमुख चामनोंग रांगसिकुन यांनी 1964 मध्ये या गाण्यांना हक्काचा कार्यक्रम दिला आणि 'लूक थुंग' हे नावही. लूक थुंग म्हणजे शेतशिवाराची लेकरे. असल्या गाण्यांना दूरचित्रवाणीवर जागा कशाला, अशी नाराजी झाली. नाव मात्र टिकले आणि आज थाई संगीतातला तो एक मोठा प्रवाह आहे.

त्या प्रवाहातली सर्वांत मोठी गायिका फुमफुआंग दुआंगचान. जन्म 1961 चा, घरचे लोक ऊसतोडीवर, शाळा जेमतेम दोन वर्षे. लिहिता-वाचता येत नसल्याने गाणी ती ऐकून पाठ करायची. लहान वयात जत्रांतल्या गायनस्पर्धा जिंकत ती वायफोत फेतसुफान यांच्या फिरत्या संगीतमंडळीत शिरली. 1992 मध्ये, वयाच्या अवघ्या तिशीत, ल्युपसच्या आजाराने ती गेली. सुफान बुरी प्रांतातल्या वाट थाप क्रादान या मठात तिच्या अंत्यविधीला राजकन्या सिरिन्धोर्न उपस्थित होत्या. लोक आजही तिथे तिच्या पुतळ्यांपुढे फुले आणि कपडे वाहतात. अनोळखी मुलगी म्हणून तिला कोणी आजच्या त्या ओळीत उभे केले असते, तर किती परीक्षकांनी तिला गायिका मानले असते? हा प्रश्न मला सोडत नाही.

कारण तोवर हिशेब बदलला होता. 1983 मध्ये ग्रॅमी कंपनी स्थापन झाली आणि शहरी पॉपचा उद्योग उभा राहिला. संगीताच्या चित्रफिती, जाहिराती, मालिका यांच्या मागणीने गायकाचा चेहरा आधी आणि गळा नंतर असा क्रम लावला. गोरा रंग आणि मिश्र वंशाची ठेवण यांना पडद्यावर चढा भाव आला. 1995 मध्ये टाटा यंग ही अमेरिकी वडील आणि थाई आईची किशोरवयीन मुलगी एका अल्बमने देशभर गाजली. तिच्या गुणांबद्दल मला शंका नाही. पण याच काळात सावळ्या, नाकीडोळी सामान्य, ईशान्येकडच्या ईसान प्रदेशाच्या बोलीत बोलणाऱ्या मुलीला टीव्हीवर जागा मिळाली ती बहुधा मोलकरणीच्या किंवा विनोदी पात्राच्या भूमिकेत. रेडिओवर ज्याला कोणी दिसण्याबद्दल विचारले नसते, त्याला आता आधी आरसा पार करावा लागत होता.

या पार्श्वभूमीवर वर्कपॉइंटचा डाव पाहायला हवा. पन्या निरुनकुन आणि प्रफात चोनसारानोन यांनी 1989 मध्ये काढलेली ही कंपनी अनेक वर्षे इतरांच्या वाहिन्यांसाठी कार्यक्रम बनवत होती. डिसेंबर 2013 मध्ये थायलंडने डिजिटल दूरचित्रवाणीच्या 24 व्यापारी परवान्यांचा लिलाव केला. बोली 5,000 कोटी बाथच्या वर गेली आणि वर्कपॉइंटला स्वतःची वाहिनी मिळाली. पाठोपाठ मे 2014 मध्ये लष्करी उठाव झाला, जाहिरातींचा पैसा इंटरनेटकडे वळू लागला आणि 2019 मध्ये 7 वाहिन्यांनी परवाने परत केले. वर्कपॉइंट तगली, कारण गाणे आणि कोडे यांची सांगड तिला साधली. ऑक्टोबर 2016 मध्ये तिने कोरियातूनच आणलेला 'द मास्क सिंगर' सुरू केला. तिथे उलटा प्रकार होता: आवाज उघडा आणि चेहरा मुखवट्याआड. अमेरिकी निर्माते क्रेग प्लेस्टिस यांनी लॉस एंजेलिसमधल्या एका थाई उपाहारगृहात टीव्हीवर हाच थाई कार्यक्रम पाहिला. त्यातून 2019 ची अमेरिकी आवृत्ती जन्मली. कोरियाची कल्पना अमेरिकेला दिसली ती थाई डोळ्यांतून.

म्हणजे एकाच कंपनीच्या हाती एकाच वेळी दोन खेळ होते. एकात खोनसारखे झाकलेले डोके, दुसऱ्यात 16 मिमीच्या पडद्यासारखे उसन्या आवाजावर हलणारे ओठ. थाई प्रेक्षकाला दोन्ही चटकन कळले, याचे मला आश्चर्य वाटत नाही. 1974 पासून पट्टायाच्या टिफनीज कॅबरेमध्ये तृतीयपंथी कलाकार ध्वनिमुद्रित गाण्यांवर ओठ हलवत प्रेक्षकांना जिंकत आहेत. ओठ हलवणे ही तिथे कला आहे, लबाडी नव्हे.

'आय कॅन सी युअर व्हॉइस'ने यापलीकडची एक गोष्ट केली. परीक्षकांना आपले अंदाज कारणासकट मोठ्याने सांगावे लागतात. हा फार देखणा आहे, त्याचा गळाही तसाच असणार. ही जाडी आहे, हिचा दम टिकेल. हा नुसता विनोदवीर दिसतो. घराघरांत मनातल्या मनात होणारा हा निवाडा इथे सर्वांसमक्ष होतो आणि काही मिनिटांत खोटा पडतो. ज्याला हसून बाद केले तो गाऊ लागतो आणि परीक्षकांचे चेहरे उतरतात. कॅमेरा त्या क्षणी गायकाइतकाच परीक्षकांवर रोखलेला असतो, आणि ते योग्यच आहे, कारण परीक्षा त्यांचीच असते.

इथे मला एक गंभीर आक्षेपही नोंदवायचा आहे. हा खेळ चालतो तो पूर्वग्रह शाबूत आहेत म्हणूनच. रूपावरून गळा ओळखता येत नाही, हे लोकांना खरोखर पटले तर धक्का उरणार नाही आणि कार्यक्रमही उरणार नाही. त्यामुळे निर्माते धक्का देऊ शकणारे चेहरे शोधतात आणि तसे करताना कोणता चेहरा 'न गाणारा' हे स्वतःच ठरवतात. बेसूर गाणाऱ्यांवरचे हसू मात्र मला तितकेसे टोचत नाही. ती माणसे हसवायला आनंदाने आलेली असतात. चांगले गाणाऱ्याचे कौतुक 'असे दिसूनही असे गाते' या शब्दांत होते, ते अधिक टोचते. परीक्षकांनी तेवढे एक वाक्य टाळले, तरी कार्यक्रमाची उंची वाढेल.

आणखी एक गोष्ट व्हायला हवी. 1984 मध्ये थाई फिल्म आर्काइव्ह सुरू झाले, तोवर 16 मिमीच्या काळातले कितीतरी चित्रपट नष्ट झाले होते. जे वाचले त्यांतल्या अनेकांची चित्रे आहेत आणि आवाज नाहीत, कारण निवेदक जागेवर बोलले आणि ते कोणी मुद्रित केले नाही. चॅनेल 4 च्या थेट प्रक्षेपणांचीही गत तीच. वर्कपॉइंटचे भाग आज यूट्यूबवर सहज सापडतात, पण ते एका खासगी कंपनीच्या मर्जीवर आणि एका परदेशी संकेतस्थळावर आहेत. त्यांची पूर्ण प्रत, सहभागी गायकांच्या नावांसह, सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी. ते करायला आज ना तंत्राची अडचण आहे, ना फार मोठ्या खर्चाची.