‘बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’



२ नोव्हेंबर जवळ आला आहे. या दिवशी आम्ही कॅथलिक आमच्या मृतांची आठवण करतो, कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. गेल्या वर्षी याच दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. ती या पानावर लिहावी की नाही याचा बरेच दिवस विचार केला. पण मोबाइलवर दिवसरात्र जे वाचायला मिळतं, त्यावरून वाटतं की ही चूक करणारा मी एकटा नाही.

माझी थोरली बहीण गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वारली. २ नोव्हेंबरला सकाळी मी तिच्या कबरीचा फोटो आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की आज संध्याकाळची मिस्सा ताईच्या आत्म्यासाठी आहे, जमेल त्यांनी यावे. रात्री तिच्या धाकट्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, एका ओळीचा प्रश्न आला: ‘मामा, मेलेल्यांसाठी प्रार्थना करा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय?’ हा भाचा लग्नानंतर बायकोच्या मंडळीत जातो. तिथे हात उंचावून गातात, मोठ्याने प्रार्थना करतात. त्यांचे पाळक मृतांसाठी प्रार्थना मानत नाहीत.

मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षणही दिलं. ‘कुठे लिहिलंय’ असं कोणी विचारलं की माझा हात आपोआप खडूकडे जातो. पावणेअकरा वाजले होते, झोप येत नव्हती. मी मक्काबींचं दुसरं पुस्तक, बारावा अध्याय, असा संदर्भ दिला. तिथे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठी यहूदा मक्काबी वर्गणी गोळा करून यरुशलेमला बलिदानासाठी पाठवतो. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण पुढे लिहिलं, ‘ज्यांनी बायबलमधली सात पुस्तकं फेकून दिली, त्यांनी कुठे लिहिलंय हे विचारू नये.’

अकरा जणांनी अंगठे दिले. खरं सांगतो, मला बरं वाटलं. सकाळी उठून पाहतो तर भाचा ग्रुपमधून बाहेर पडला होता.

यंदा ऑगस्टमध्ये ताईच्या वर्षाच्या मिस्सेला तो आला नाही, पण जेवणाच्या वेळेला घरी आला. जेवण झाल्यावर आम्ही दोघं बाहेर ओटल्यावर बसलो. बराच वेळ गप्पच होता. मग म्हणाला, ‘मामा, त्या दिवशी मी थोडा चिडूनच विचारलं होतं, हे खरं. पण मला उत्तरही हवं होतं. आई गेल्यापासून रोज रात्री तिच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटते आणि पाळक म्हणतात करू नको. तुम्हाला विचारावं म्हटलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर माझा कान धरला.’

मी ज्याला उत्तर देत होतो तो माणूस आई गेल्याला तीन महिने झालेला मुलगा होता. मला ते दिसलंच नाही. मला फक्त प्रोटेस्टंट दिसला.

आता त्या ‘सात पुस्तकां’चं. मी जे लिहिलं ते उद्धट तर होतंच, पण शिक्षकाला शोभणारंही नव्हतं, कारण ते अर्धवट होतं. आमच्या बायबलमध्ये जुन्या कराराची ४६ आणि नव्याची २७, अशी ७३ पुस्तकं आहेत. त्यांच्यात ३९ आणि २७ मिळून ६६. पण मार्टिन लूथरने १५३४ साली जर्मन बायबल काढलं तेव्हा ती पुस्तकं फेकली नव्हती. दोन करारांच्या मधे वेगळा विभाग करून छापली होती. वाचायला चांगली, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, असं त्याचं म्हणणं. इंग्रजांच्या १६११ च्या प्रसिद्ध भाषांतरातही ती होती. आमच्या बाजूने ट्रेंटच्या धर्मसभेने १५४६ मध्ये यादी ठामपणे जाहीर केली. म्हणजे भाचा आणि मी ‘बायबल’ हा एकच शब्द वापरत होतो, पण त्याच्या टेबलावरचं पुस्तक वेगळं आणि माझ्या टेबलावरचं वेगळं. ज्या पानावरून मी त्याला गप्प केलं ते पान त्याच्या घरी नव्हतंच. हे त्याला फोन करून शांतपणे सांगता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं.

असाच घोळ ‘भक्ती’ या शब्दाने होतो. आपण सहज म्हणतो, ‘पवित्र मारियेची भक्ती’. ऐकणारा म्हणतो, बघा, हे मारियेला देव मानतात. आमच्या चर्चची शिकवण स्पष्ट आहे: आराधना फक्त देवाची, मारियेला आणि संतांना आदर, वंदन, विनंती. पण बोली मराठीत देवाचीही भक्ती, आईवडिलांचीही भक्ती आणि देशाचीही भक्तीच. मग समोरच्याचा गैरसमज झाला तर दोष सगळा त्याचाच कसा? पण ‘तुम्ही मूर्तिपूजक’ असं लिहिणाऱ्यांनीही एकदा विचारावं, बाबा रे, तू नक्की काय करतोस तिथे गुडघे टेकून? आणि आपल्यातले जे लोक त्यांना ‘हालेलुयावाले’ म्हणून हसतात, त्यांना मी वर्गात असतो तर बाकावर उभं केलं असतं. (आता तेवढं बळ उरलं नाही.)

आणखी एक गोष्ट मुलांना शिकवायचो आणि स्वतः विसरलो. शिकवण वेगळी आणि रीत वेगळी. मृतांसाठी प्रार्थना ही आमची शिकवण आहे. कबरीवर मेणबत्ती लावणं ही रीत आहे. कोणी मेणबत्तीला हसला की आपण जणू शिकवणीवरच घाला पडला अशा थाटात लढायला उठतो. आणि पुष्कळदा आपण चर्चची शिकवण म्हणून जे सांगतो ते आपलं स्वतःचं मत असतं. ‘मला असं वाटतं’ हे तीन शब्द आधी जोडले तर निम्मी भांडणं होणार नाहीत.

कॅथलिक वाचकांना आठवण देतो. संत इग्नेशियसने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच एक अट घातली आहे. दुसऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ लावायचा. तसा लागत नसेल तर त्यालाच विचारायचं, तुला काय म्हणायचं आहे? तरीही ते चूक वाटलं तर प्रेमाने दुरुस्त करायचं. आणि प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितलं आहे की भावाची चूक दिसली तर आधी एकट्याला गाठ. आपण नेमकं उलटं करतो. आधी त्रेचाळीस लोकांपुढे झोडपतो आणि मग एकट्याला गाठून ‘राग मानू नकोस हं’ म्हणतो.

काही जण म्हणतील, मास्तर म्हातारे झाले, आता गप्प बसायला सांगतात. तसं नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार राहा असंच सांगितलं आहे. फक्त ते सौम्यतेने आणि आदराने, ही अट त्यालाच जोडलेली आहे. शिवाय ‘सगळं सारखंच आहे हो, कशाला वाद’ असं म्हणून विषय संपवणं मला आवडत नाही. तो आदर नव्हे, कंटाळा आहे. लूथरन आणि कॅथलिक यांनी मनुष्य नीतिमान कसा ठरतो या विषयावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याआधी तीसएक वर्षं दोन्हीकडचे विद्वान एकत्र बसत होते. शिल्लक मतभेद त्यांनी लपवले नाहीत. पण इतकं मान्य केलं की सोळाव्या शतकात एकमेकांवर जे दोषारोप केले होते, ते या जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत. एवढं ठरायला साडेचारशे वर्षं लागली, आणि आम्ही पावणेअकराला एका ओळीत निकाल लावून मोकळे.

आता शेजाऱ्यांविषयी. हे पान आमचे हिंदू, मुसलमान, जैन शेजारीही वाचतात. आमच्या सोसायटीत खानदेशातले एक काका आहेत, उभं आयुष्य लूमवर गेलं. वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं, ‘गुरुजी, तुमचं ते पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे आमच्या दत्तासारखंच की!’ मी ताबडतोब, ‘नाही नाही, तसं मुळीच नाही,’ म्हणून व्याख्यान सुरू केलं. काका उठून चहा आणायला गेले. नंतर कधी तरी मी उलट विचारलं, ‘तुम्हाला दत्तात काय दिसतं?’ ते तासभर बोलले. औदुंबर, गाणगापूर, आईने केलेली पारायणं. मग म्हणाले, ‘आता तुमचं सांगा.’ मी सांगितलं, आणि फरक आहे हेही सांगितलं. त्यांना त्याचा राग आला नाही. आधी मी ऐकलं होतं ना.

आमच्या सुरतेला हे नवीन नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात इथल्या सरकारी शाळेत शिक्षक होते. इकडे मिशनरी १८१५ पासून होते, गुजराती बायबलही सुरतेतच छापलं गेलं, त्यामुळे धर्मावरचे वाद गल्लीत पोचले होते. २२ जून १८४४ ला दुर्गाराम मेहताजी, दादोबा आणि त्यांच्या मित्रांनी मानवधर्म सभा काढली. लोकांनी एकत्र जमायचं, धर्माच्या गोष्टी उघडपणे बोलायच्या आणि तपासायच्या. पुढे दादोबा मुंबईला गेले. म्हातारपणी त्यांच्या वाचनात स्वीडनबोर्ग या ख्रिस्ती लेखकाचे ग्रंथ आले, आणि एका हिंदू गृहस्थाचे विचार म्हणून त्यांनी त्यावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. १८७८ साली ते लंडनला छापलं गेलं. स्वीडनबोर्गची मतं आम्हा कॅथलिकांना पटणारी नाहीत, ते असो. पण हा माणूस हिंदू होता, हिंदूच राहिला, आणि परक्या धर्माच्या शिकवणीवर मत देण्याआधी तिचे ग्रंथ वाचले. आपण दीड मिनिटाचा व्हिडिओही शेवटपर्यंत न बघता पुढे ढकलतो.

आणि आमच्या गुजरातचे फादर वालेस. स्पेनहून आलेले जेझुइट, अहमदाबादला गणित शिकवायचे. पोळातल्या साध्या घरांमध्ये पाहुणे म्हणून राहिले, एका घरी काही दिवस, मग दुसऱ्या. घरातल्यांचं खाणं खाल्लं, त्यांच्याच भाषेत लिहिलं. ज्याच्या घरी उद्या जेवायचं आहे त्याच्या देवाची टिंगल माणूस करत नाही.

हे लिहितो कारण आपल्यातलेही काही जण दुसऱ्यांच्या देवांची टवाळी करणारे व्हिडिओ पुढे पाठवतात. मला येतात. १९९८ च्या नाताळात शेजारच्या डांगमध्ये चर्चवर काय गुदरलं, हे ज्यांना आठवतं त्यांना वेगळं सांगायला नको. पण भीतीचं कारण बाजूला ठेवा. तो व्हिडिओ आमच्या काकांच्या फोनवर पोचला तर मी त्यांच्या ओटल्यावर कोणत्या तोंडाने बसू?

भाच्याला त्या दिवशी ओटल्यावर मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘असू दे मामा.’ ग्रुपमध्ये मात्र परत आला नाही आणि मी आग्रहही केला नाही. आता रविवारी दुपारी तो फोन करतो. मक्काबींची पानं मी झेरॉक्स काढून दिली, त्याने पाळकांना दाखवली. पाळकांचं उत्तर त्याने मला वाचून दाखवलं. मला पटलं नाही, पण शेवटपर्यंत ऐकलं. या २ नोव्हेंबरला तो माझ्याबरोबर कबरस्तानात येणार आहे. मेणबत्ती लावणार नाही म्हणतो. मी दोन घेऊन जाईन, एक खिशात राहील. प्रार्थना करतोस की नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, उधना, सुरत