तिकीटखिडकीतला राजा

पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात १९५२ साली ‘लाखाची गोष्ट’ लागला, तेव्हा खिडकीत बसून तिकिटे देणारा बुकिंग क्लार्कच पडद्यावर नायक म्हणून वावरत होता. राजा गोसावी यांचा हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो. त्याचे मर्म मात्र निसटते. समोरचा माणूस सुटे पैसे किती वेळा मोजून देतो, हे त्यांनी रोज पाहिले होते. म्हणूनच खिसा रिकामा, पण इस्त्री कडक असा त्यांचा तरुण मध्यमवर्गाला परका वाटला नाही. त्याच्या फजितीला हसताना प्रेक्षक स्वतःलाच हसत असे. राजा परांजपे यांचे दिग्दर्शन आणि माडगूळकरांची लेखणी पाठीशी होती, हे खरेच. परंतु कागदावरचा विनोद नेमक्या क्षणी पेलावा लागतो तो नटालाच.

पुढे वसंत सबनीसांच्या ‘सौजन्याची ऐशी तैशी’मधील त्यांच्या नाना बेरीने नाट्यगृहे दणाणली. तरीही १९९८ मधील निधनानंतरही ‘विनोदी नट’ हीच त्यांची ओळख उरली, आणि तीही एक पायरी खालची! ही पायरी आखली कोणी? रडवणाऱ्याला कलावंत आणि हसवणाऱ्याला करमणूक करणारा मानणारे आपणच. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली. आता तरी त्यांच्या अभिनयाची साक्षेपी चिकित्सा व्हावी. किस्से पुष्कळ झाले.