बंदी उठते, लाभ कोणाचा?

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक शिडाचे जहाज चितारलेले आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, येथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेशी त्या चित्राचा संबंध आहे. ज्या प्रदेशातील डोंगरात समुद्राचे चित्र रंगले, तेथे आज किनाऱ्यावरील मासेमारीचा वाद म्हणजे कोळी-गाबितांचे आपसातील भांडण समजले जाते. ही समजूत बरोबर नाही. हा वाद मुळात समाईक मालमत्तेचा आहे. आणि गायराने आक्रसताना व विहिरी आटताना पाहिलेल्या मराठवाड्याला तो परका वाटण्याचे कारण नाही.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. अनेक जातींच्या माशांचा हा प्रजननाचा काळ. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी लोटावयाची नाही, हा संकेत तर सरकारी आदेशाहून कितीतरी जुना आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत ही बचतच होय. दोन महिन्यांच्या मिळकतीवर पाणी सोडावयाचे आणि पावसाळा सरताना वाढलेल्या मासळीच्या रूपाने ती व्याजासह परत मिळवावयाची.

प्रश्न असा की, ही बचत काढून कोण घेतो? मालवणच्या किनाऱ्यावर रापणीची पद्धत आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकावयाचे, दोन्ही टोकांनी ते माणसांनी किनाऱ्यावर ओढावयाचे आणि मिळालेल्या मासळीचे वाटे करावयाचे. तारली-बांगड्यांचे थवे किनाऱ्याजवळ आले तरच या माणसांच्या पदरात काही पडते. उलट, पर्ससीन जाळे अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि खालून आवळले जाते. त्यात प्रखर दिव्यांची भर पडली म्हणजे मोठ्या माशाबरोबर लहान पिलेही जातात. अशा रीतीने बचत सर्वांची आणि उचल मूठभरांची, असा प्रकार होतो.

यात केवळ लोभ पाहणे पुरेसे नाही. स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने 1954 मध्येच दाखवून दिले की, ज्या पाण्याला मालक नाही तेथे एकाने सोडलेला मासा दुसऱ्याच्या जाळ्यात जातो. म्हणून कोणीच सोडत नाही. नौका मोठ्या होतात, कर्जे वाढतात आणि अखेर सर्वांचाच नफा आटतो. पर्ससीन नौकेचा कर्जबाजारी मालक व तीवरील खलाशी हेही याच चक्रात सापडलेले आहेत.

कायद्यांची उणीव नाही. सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा आहे. 2016 मध्ये पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा देण्यात आली, 2017 मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, 2021 मध्ये दंड वाढविण्यात आले आणि 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरविण्यात आला. परंतु रात्रीच्या दर्यावर प्रत्येक जाळे तपासणे दुरापास्त आहे. शिवाय राज्याचा अधिकार 12 सागरी मैलांपर्यंतच चालतो.

तेव्हा तपासणीची जागा बदलली पाहिजे. दर्यात कोठेही गेलेली नौका अखेर बंदरात येते. तेथेच तिला डिझेल व बर्फ मिळते, तेथेच लिलाव होतो आणि टोपलीतील पिले तेथे उघड्या डोळ्यांना दिसतात. डिझेलवरील कराचा परतावा राज्याच्या तिजोरीतून दिला जातो. तो नियम पाळण्याशी जोडला, तर दंडाच्या पावतीपेक्षा त्याचा वचक अधिक राहील.

दुसरे असे की, हे नियम ठरविताना रापण संघांना व मच्छीमार सहकारी संस्थांना खरा अधिकार हवा. समाईक साधन वापरणारे लोक स्वतःच नियम करून ते टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून सिद्ध केले. 2009 चे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दलच मिळाले. वाटे करून मासळी घेणारी रापण हे आपल्या घरचे उदाहरण आहे. पुढील 1 जूनला किनाऱ्यावरील माणसाला पुन्हा होडी ओढून ठेवण्यास सांगताना, ऑगस्टनंतरच्या मासळीत त्याचा वाटा किती, हेही सरकारने त्याला सांगितले पाहिजे. तसे सांगता येत नसेल, तर त्याच्याकडून दरवर्षी त्यागाची अपेक्षा करणे न्याय्य ठरणार नाही.