बोटीवर जाण्याआधी वहीत लिहा

दिवाळीचा बोनस हातात पडला की आमच्या गल्लीत गोव्याचे बेत सुरू होतात. पूर्वी पोरे समुद्रात डुंबून, मासे खाऊन परत यायची. आता बोलणे वेगळेच असते. "मामा, यंदा बोटीवर जाणार. कसिनो बघणार." शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला असलेला आमच्या शेजारचा पोरगा मला हे सांगत होता आणि त्याची आई मागे उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती. बोनस बावीस हजार. त्यातले बारा हजार बहिणीच्या नर्सिंगच्या फीचे, हे घरात ठरलेले. फीची शेवटची तारीख गोव्याहून परतण्याच्या दुसऱ्या दिवशी!

आता, जाऊ नको म्हणून पोरे थांबत नाहीत, हे मी चळवळीत वीस वर्षे काढून शिकलो आहे. म्हणून म्हटले, "जा बाबा, पण आधी वही घेऊन बस." दोन तास बसलो. त्यातले जे सर्वांच्या उपयोगाचे, ते इथे लिहितो.

प्रथम प्रवास. आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पणजीला एस.टी. जाते. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचे भाडे पूर्ण. सहकुटुंब जाणाऱ्यांनी हे आधी धरावे, नाहीतर कंडक्टरशी उगाच वाद होतो. सावंतवाडीला उतरून कदंबाच्या गाडीनेही पणजी गाठता येते. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळावा, त्या दिवसांत खोलीचे भाडे ऐकूनच घाम फुटतो. पावसाळ्यात तीच खोली पुष्कळ स्वस्त मिळते.

आता बोट. मांडवी नदीत पणजीसमोर या बोटी उभ्या असतात. गोव्याच्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत पैशाची यंत्रे आली, १९९६ च्या दुरुस्तीने बोटींनाही वाट मिळाली. एकवीस वर्षांखालच्याला आत सोडत नाहीत. आणि मुख्य गोष्ट ऐका. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला तिथे खेळायला बंदी आहे, फक्त बाहेरचा पर्यटक चालतो. ज्या सरकारच्या नदीत बोट उभी आहे, ते सरकार स्वतःच्या लेकराला आत जाऊ देत नाही. आपल्या महाराष्ट्राने तर १९७६ साली कसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ साली रद्दच करून टाकला.

प्रवेशाचे पॅकेज असते. त्यात जेवण आणि थोड्या चिपा मिळतात. सोमवार ते गुरुवार दर कमी, शुक्रवारपासून चढे. पोराचा सवाल, "मामा, चिपा तर फुकटच की!" फुकट नव्हेत. बहुतेक ठिकाणी ही चिप एकदाच लावता येते, तिचे रोख पैसे मिळत नाहीत. लावली आणि जिंकलात तरच काही हाती येते. म्हणून काउंटरवर आधी हेच विचारावे, लाजू नये.

मग कर. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिपांच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. मी वहीत मांडून दाखवले. कर वरून लावला तर हजाराच्या चिपांना चौदाशे मोजावे लागतील. किमतीतच धरला तर हजारात सातशे चौदाच्या चिपा येतील. एकही चिप न खेळता सगळ्या परत केल्या तरी कराचा हिशेब कमी होत नाही. आणि जिंकलात? जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर. हरलेले त्यातून वजा करता येत नाही. आपली कमाई करपात्र नसली तरी या पैशाला सूट नाही.

एवढे ऐकूनही पोरगा म्हणाला, "पण नशीब लागलं तर?" म्हणून चाकाचा हिशेब सांगितला. चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ खाने. एका आकड्यावर शंभर रुपये लावून तो आला तर पस्तीसशे आणि वर आपले शंभर, म्हणजे छत्तीसशे हाती येतात. पण ३७ खान्यांवर शंभर-शंभर लावायचे तर सदतीसशे जातात. हा शंभराचा फरक बोटवाल्याचा. काही चाकांवर दोन शून्ये असतात, तिथे ३८ खाने, फरक दोनशेचा. हा वाटा लहान वाटतो, पण तेच पैसे माणूस रात्रभर फिरवत राहतो. तासाला चाळीस फेऱ्या, पाच तास, दर फेरीला शंभर, म्हणजे वीस हजारांची उलाढाल. एका शून्याच्या चाकावर त्यातले सरासरी पाचशे चाळीस जातात. डाव पाचशेचा असेल तर सत्तावीसशे. सरासरी हा शब्द मी मुद्दाम दोनदा सांगितला, कारण सरासरीने कोणी बुडत नाही, बुडतो तो एकटा माणूस, पहाटे तीन वाजता.

शेवटी तोडगा निघाला. बारा हजार त्याच दिवशी आईच्या खात्यात. एटीएम कार्ड घरी ठेवून आता भागत नाही, फोनवरूनच पैसे जातात, म्हणून त्याच्या खात्यात परतीपुरते ठेवले आणि बाकी रोख पाकिटात. गेला एकदाचा.

मी त्याला एक गोष्ट सांगून ठेवली होती. पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. संध्याकाळी तिच्यावर उभे राहिले की सगळ्या कसिनो बोटींचे दिवे दिसतात. जुन्या गोव्यात बॉम जेझुसचे चर्च पाहायलाही पैसे लागत नाहीत.

चार दिवसांनी तो वही घेऊन आला. मित्र तिघे बोटीवर चढले होते. हा चढला नाही असे म्हणाला, खरे-खोटे त्याचे त्याला ठाऊक. पण वहीत सगळे लिहिलेले होते: बस, खोली, दोन वेळची फिश थाळी, बहिणीला एक पर्स, मित्राला उसने दिलेले सातशे. फेरीबोटीपुढे शून्य लिहून त्याने खाली रेघ ओढली होती. फीची पावती आईने मला आधीच दाखवली होती. ते सातशे मात्र अजून आलेले नाहीत.